जेवलीस का, बरी आहेस का?

दसरा झाला की परळी तालुक्यातल्या सिरसाळ्यातून आणि भोवतालच्या वाड्या-तांड्यांवरून ट्रॅक्टर निघायला लागतात. ट्रॉलीत भांडीकुंडी, ज्वारी-बाजरीची पोती, एखादी शेळी, कोंबड्यांची डालगी, आणि या सगळ्यावर बसलेली माणसं. पश्चिम महाराष्ट्रातले आणि कर्नाटकातले साखर कारखाने पेटले की बीड जिल्ह्यातली काही लाख माणसं ऊसतोडीला जातात, ती मार्च-एप्रिलपर्यंत गावाकडे परतत नाहीत. या माणसांत सोळा-सतरा वर्षांच्या सुनाही असतात, आणि त्यांतल्या काहींना दिवस गेलेले असतात.

अशा मुलीला दोन गोष्टी एकाच वेळी छळतात. पोटभर अन्नाची खात्री नसते आणि मन बसत जातं. आपली सरकारी व्यवस्था या दोन गोष्टी वेगवेगळ्या कप्प्यांत टाकते. अन्न अंगणवाडीकडे, मन जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागाकडे. प्रत्यक्षात एक दुसरीला वाढवत नेते, आणि या मुलीच्या बाबतीत दोन्ही लपून राहतात, कारण तिचं वयच लपवलेलं असतं. तिची भूक आणि तिची उदासी एकाच बैठकीत, एकाच माणसाने विचारली पाहिजे, आणि तिचं वय कितीही कमी असलं तरी तिच्या वाट्याचं अन्न तिला मिळालंच पाहिजे. हा लेख त्यासाठी आहे.

कोयत्याचं गणित

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी २०१९ ते २०२१ या काळात झाली. तिच्यानुसार महाराष्ट्रातल्या २० ते २४ वर्षांच्या स्त्रियांपैकी सुमारे २२ टक्के जणींचं लग्न अठरा पूर्ण होण्याआधी झालेलं होतं. बीड जिल्ह्यात हेच प्रमाण ४३.७ टक्के निघालं आणि शेजारच्या परभणीत ४८ टक्के. म्हणजे या पट्ट्यात जवळजवळ दर दुसरी मुलगी कायद्याने ठरवलेल्या वयाआधी सासरी जाते. त्यानंतर ‘पाळणा कधी हलणार’ हा प्रश्न फार दिवस थांबत नाही. राज्यात १५ ते १९ वयोगटातल्या ७.६ टक्के मुली सर्वेक्षणाच्या वेळी आई झालेल्या किंवा गरोदर होत्या.

यामागे नुसतं अज्ञान आहे असं म्हणणं सोपं आहे, पण ते खरं नाही. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. मुकादम, म्हणजे मजूर पुरवणारा ठेकेदार, हंगामाआधी उचल (आगाऊ रक्कम) देतो ती जोडीला. एकटा गडी गेला तर तो अर्धा कोयता, त्याची उचलही तेवढीच. त्यामुळे हंगामाच्या तोंडावर मुलाचं लग्न झालं की घरात एक पूर्ण कोयता वाढतो. मुलीकडचं गणित वेगळं असतं. आईबाप सहा महिने फडावर, घरी म्हातारी आजी; वयात आलेली पोर मागे कोणाच्या भरवशावर ठेवायची? सोबत न्यावी तर उघड्यावरची कोपी (तात्पुरती झोपडी), रात्री-अपरात्री येणाऱ्या गाड्या, परकी माणसं. ‘एकदाची तिच्या घरी गेली म्हणजे सुटलो’ हे वाक्य त्या भीतीतून येतं. शाळा सुटलेली, काळजी मोठी आणि उचलीची गरज त्याहून मोठी, अशा घरात सोळाव्या वर्षी मुलीच्या अंगाला हळद लागते.

दोघांची वाढ, एकच भाकरी

सोळाव्या वर्षी मुलीचं शरीर अजून वाढत असतं. हाडं भरत असतात, कटिभाग रुंद होत असतो. मासिक पाळी सुरू झाल्यानंतरही ही वाढ काही वर्षं चालू राहते. याच काळात गर्भ राहिला तर वाढणारी शरीरं दोन होतात आणि जेवण मात्र एकीचंच असतं.

पोटातलं बाळ हवं ते आईच्या अंगातून ओढून घेतं, अशी आपली समजूत आहे. पूर्ण वाढ झालेल्या बाईच्या बाबतीत ती काही अंशी खरीही आहे. अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातल्या कॅमडेन शहरात थेरेसा शॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गरोदर किशोरींचा दीर्घकाळ अभ्यास केला. त्यांना उलटं चित्र दिसलं. ज्या मुलींची स्वतःची उंची अजून वाढत होती त्यांचं गरोदरपणात वजन चांगलं वाढलं, तरी त्यांची बाळं सुमारे दीडशे ग्रॅमने हलकी जन्मली. मुलीच्या शरीराने आपली वाढ थांबवली नव्हती, त्यामुळे बाळाच्या वाट्याला कमी आलं. अमेरिकेत, बऱ्यापैकी खायला मिळत असताना हे घडलं. आपल्याकडे सुरुवातच तुटीतून होते. त्याच पाचव्या सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते १९ वर्षांच्या निम्म्याहून अधिक मुलींच्या अंगात रक्त कमी आढळलं.

गरोदर बाईला रोज साधारण साडेतीनशे उष्मांक जास्तीचे लागतात, असं भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं मानक सांगतं. दोन भाकरी, वाटीभर घट्ट वरण आणि थोडं दूध एवढ्यात ते भागतं. ऐकायला हे फार वाटत नाही. पण ते रोज, न चुकता, तिच्याच ताटात पडायला हवं, आणि अडचण तिथेच आहे.

फडावरचा एक दिवस

कोपीतली बाई पहाटे तीन-चारला उठते. तीन दगडांच्या चुलीवर दोन्ही वेळच्या भाकरी एकदमच थापून घेते. पाणी आणते, पोरांचं आवरते आणि उजाडायच्या आत फडात पोचते. गडी ऊस तोडतो. बाई पाचट बाजूला करते, वाढे (उसाचे हिरवे शेंडे) वेगळे काढते, मोळ्या बांधते. गाडी आली की डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढते. दुपारचं जेवण म्हणजे सकाळची भाकरी, ठेचा, असलं तर पातळ वरण. संध्याकाळी परत चूल. रात्री गाडी भरायला आली तर झोपेतून उठून पुन्हा मोळ्या. एखाद्या दिवशी काम चुकलं तर खाडा पडतो, म्हणजे त्या दिवसाची मजुरी जाते आणि वर दंड बसतो. ओकाऱ्या होत आहेत, चक्कर येते आहे, म्हणून घरी बसणं त्यामुळे परवडत नाही.

आणखी एक गोष्ट बाहेरच्या माणसाच्या लक्षात येत नाही. फडावर संडास नसतो. सगळीकडे पुरुष आणि वर्दळ. म्हणून बायका दिवसभर पाणी पीतच नाहीत आणि पोटभर जेवायचंही टाळतात. गरोदरपणात कमी पाणी आणि लघवी धरून ठेवणं म्हणजे लघवीच्या जंतुसंसर्गाला आमंत्रण. आणि असा संसर्ग वेळेआधी कळा येण्याचं एक ओळखीचं कारण आहे.

गावाकडे रेशनकार्डावर स्वस्त धान्य मिळतं. फडाजवळच्या दुकानातून माल घ्यायचा तर तो बाजारभावाने, बहुतेकदा उधारीवर. अंगणवाडीत नाव असतं सिरसाळ्याकडच्या गावात. बाई असते दोन-तीनशे किलोमीटर लांब. शेवटच्या महिन्यांत तिला सगळ्यात जास्त अन्न आणि तपासण्या लागतात. तेच महिने बऱ्याचदा हंगामात येतात आणि नेमकी तेव्हा ती कोणाच्याच यादीत नसते.

घरात धान्य असूनही

अन्नाची असुरक्षितता मोजताना सर्वेक्षणवाले कुटुंबाला विचारतात : गेल्या महिन्यात धान्य संपेल अशी काळजी वाटली का, कोणी उपाशी झोपलं का? उत्तर सासू किंवा सासरा देतो. पण नव्या सुनेचं ताट या उत्तरात दिसत नाही. पुरुष, पोरं, मग सासू आणि सगळ्यांच्या शेवटी ती. कालवण संपलेलं असतं, भाकरी एखादी उरलेली असते. कोणी तिला मुद्दाम उपाशी ठेवलेलं नसतं. रीतच तशी असते. सोळा वर्षांची, परक्या घरात आलेली, नवऱ्याशीही अजून मोकळं न बोललेली मुलगी ‘मला अजून एक भाकरी पाहिजे’ असं म्हणू शकत नाही.

त्यात ‘जास्त खाल्लंस तर बाळ मोठं होईल, बाळंतपण अवघड जाईल’ हा सल्ला अजून अनेक घरांत दिला जातो. आपल्या सुनेचा जीव वाचावा म्हणूनच तो दिलेला असतो. आडवं आलेलं, अडलेलं बाळंतपण त्या सासूने डोळ्यांनी पाहिलेलं असतं. तिला दोष देऊन काही साधत नाही. लहान वयात बाळंतपण अडतं ते कटिभाग पुरता वाढलेला नसल्याने, आणि अर्धपोटी राहून तो वाढत नाही, हे तिला शांतपणे समजावून द्यावं लागतं.

दूध, अंडी, डाळ यांचंही तसंच. शेळी-गाय असली तरी दूध डेअरीत जातं. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर स्त्रियांचा अभ्यास केला. त्यात निम्म्याहून कितीतरी अधिक जणींच्या रक्तात बी-१२ जीवनसत्त्व कमी निघालं. ते मुख्यतः दूध-अंडी-मांसातून मिळतं आणि त्याचा संबंध रक्ताइतकाच मज्जातंतूंशी आहे.

मन कसं बसतं

इथे पोट आणि मन जोडले जातात. मेंदूत उत्साह आणि समाधान टिकवणारी डोपामिन, सेरोटोनिन ही रसायनं तयार व्हायला लोह लागतं. लोह कमी पडलं की थकवा येतो, चिडचिड होते, कशात रस वाटत नाही. उपाशीपोटी झोप लागत नाही, आणि झोप गेली की मन आणखी हळवं होतं. याहून मोठी असते काळजी. उद्या काय शिजवायचं, उचल कशी फिटायची, बाळंतपणाचे पैसे कुठून आणायचे. सततच्या काळजीत शरीर ताणाची संप्रेरकं पाझरत राहतं आणि पोटातल्या बाळालाही त्यांची झळ लागते.

उलट दिशेनेही हेच होतं. मन बसलं की भूक मरते. समोर ताट असलं तरी घास उतरत नाही. लोहाच्या लाल गोळ्या डब्यातच राहतात, तपासणीची तारीख चुकते, कोणाकडे काही मागायची उमेद राहत नाही. मग अंगातलं रक्त आणखी कमी होतं. अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यातल्या लॅटिन वंशाच्या गरोदर स्त्रियांपासून इथिओपियाच्या खेड्यांपर्यंत झालेल्या अभ्यासांत अन्नाची ददात असलेल्या गरोदर स्त्रियांत नैराश्याची लक्षणं ठळकपणे जास्त आढळली आहेत.

आपल्या जवळचा दाखला गोव्याचा. डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी म्हापशाच्या जिल्हा रुग्णालयात आलेल्या मातांचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध केला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के मातांना नैराश्य होतं. त्यामागे आर्थिक ओढाताण आणि नवऱ्याशी बिघडलेलं नातं ही मोठी कारणं होती. मुलगी झाल्याचा ताणही होता. याच गटाच्या पुढच्या अभ्यासात दिसलं की नैराश्य असलेल्या मातांच्या बाळांचं वजन सहाव्या महिन्यात मागे पडलेलं होतं. म्हणजे आईचं मन आणि बाळाचं वजन हा एकच विषय आहे. गोव्यातल्या त्या बहुतेक प्रौढ स्त्रिया होत्या, रुग्णालयापर्यंत पोचलेल्या. सोळाव्या वर्षी शाळा, मैत्रिणी आणि माहेर एकदम सुटलेल्या मुलीच्या मनावर किती ओझं असेल, याचा विचार यावरून करावा.

ही मुलगी ‘मला नैराश्य आलंय’ असं कधीच म्हणत नाही. ती म्हणते, करमत नाही. अन्न गोड लागत नाही. डोकं भणभणतं, छातीत धडधडतं, अंग गळून जातं, रडू येतं. घरचे म्हणतात, गरोदरपणात असं होतंच. किंवा बाहेरचं काही लागलंय, उतारा करा. माहेरची आठवण येऊन एखादा दिवस रडणं वेगळं. दोन आठवडे, बहुतेक रोज, कशातच मन लागत नसेल, स्वतःबद्दल ‘मी कशाला जगते’ असं वाटत असेल, तर तो आजार आहे आणि त्यावर इलाज आहे.

कायद्याच्या दोन बाजू

बालविवाह प्रतिबंध कायदा २००६ चा. गावपातळीवर ग्रामसेवक हा बालविवाह प्रतिबंध अधिकारी असतो. बालकांचं लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण करणारा पोक्सो कायदा २०१२ चा. लग्न झालेलं असलं तरी अठराखालच्या पत्नीशी शरीरसंबंध हा गुन्हाच आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट केलं. हे कायदे मुलींसाठी आवश्यकच आहेत. पण पोक्सोनुसार अल्पवयीन गरोदर मुलीची खबर पोलिसांना देणं डॉक्टरवर बंधनकारक आहे, आणि इथून लपवाछपवी सुरू होते. घरचे वय वाढवून सांगतात, नोंदणी उशिरा करतात, सरकारी दवाखाना टाळून कुठल्यातरी लांबच्या दवाखान्यात नेतात. जिला सगळ्यात जास्त तपासण्या लागतात तीच सगळ्यात कमी तपासली जाते.

यात एक वाट सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये मोकळी केली. अल्पवयीन मुलगी गर्भपातासाठी आली आणि तिने आणि पालकांनी विनंती केली, तर खबर देताना डॉक्टरने तिचं नाव उघड करण्याची गरज नाही. अल्पवयीन मुलीला २४ आठवड्यांपर्यंत कायदेशीर गर्भपाताची सोय २०२१ च्या दुरुस्तीनंतर आहे. ही माहिती वेळेत पोचली तर कितीतरी मुली भोंदू इलाजांपासून वाचतील.

अन्नाच्या बाबतीत कायदा स्वच्छ आहे. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा २०१३ चं चौथं कलम प्रत्येक गरोदर आणि स्तनदा मातेला अंगणवाडीतून मोफत आहाराचा हक्क देतं. बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत रोज ६०० उष्मांक आणि १८ ते २० ग्रॅम प्रथिनं, असं त्याचं माप मूळ कायद्यात ठरवलेलं होतं. तिथे वयाची अट नाही. रोख पैसे देणारी मातृवंदना योजना मात्र कायदेशीर वय न भरलेल्या मुलीला मिळत नाही, आणि त्यामुळे ‘हिला काहीच मिळत नाही’ असा समज पसरतो. पैसे न मिळणं आणि आहार न मिळणं या वेगळ्या गोष्टी आहेत. लग्न बेकायदा असेल, पण मुलीची भूक बेकायदा नाही. अंगणवाडीच्या वहीत तिचं नाव चढलंच पाहिजे.

स्थलांतराचीही सोय कागदावर आहे. रेशनकार्ड आता राज्यात कुठेही चालतं. महिला व बालविकास विभागाने २०२१ पासून स्थलांतर करणाऱ्या गरोदर स्त्रिया आणि बालकांची नोंद ठेवायला सुरुवात केली, म्हणजे फडाजवळच्या अंगणवाडीतून आहार मिळावा. त्यासाठी निघण्याआधी गावात नोंद व्हायला हवी आणि माता-बाल संरक्षण कार्ड सोबत असायला हवं. मुकादमाच्या वहीत कोयत्यांचा हिशेब असतो, तशी कोणती बाई गरोदर आहे याची नोंद आरोग्य केंद्राकडे हंगामाआधी असेल तर पुढचं काम निम्मं होतं.

चार प्रश्न

नैराश्य ओळखायला दर वेळी मानसोपचारतज्ज्ञ लागत नाही. जगभरात पहिल्या चाळणीसाठी दोनच प्रश्न वापरतात. भुकेच्या चाळणीसाठीही दोन प्रश्न पुरतात. सिरसाळ्यासारख्या प्राथमिक आरोग्य केंद्रात, उपकेंद्रावर किंवा आशाताईने घरी गेल्यावर ते आपल्या भाषेत असे विचारता येतील :

गेल्या दोन आठवड्यांत कशातच मन लागत नाही असं झालं का?

उदास वाटतं, सगळं संपल्यासारखं वाटतं, असं किती दिवस झालं?

गेल्या महिन्यात घरातलं धान्य संपेल अशी धास्ती वाटली का?

काल तू कोणाच्या नंतर जेवलीस आणि ताटात काय होतं?

चौथा प्रश्न मी मुद्दाम बदलून लिहिला आहे, कारण त्याशिवाय सुनेचं ताट दिसत नाही. हे प्रश्न सासूसमोर विचारले तर उत्तर ‘समदं बरं हाय’ असंच येणार. वजन करायला, रक्तदाब बघायला मुलीला आत नेतात, ती पाच मिनिटं यासाठी वापरावीत. आणि विचारून सोडून देऊ नये. भूक निघाली तर त्याच दिवशी अंगणवाडीला कळवावं. उदासी निघाली तर पुढच्या आठवड्यात पुन्हा भेटावं. मरणाचे विचार बोलून दाखवले तर तिला एकटं ठेवू नये. तिला अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयात न्यावं आणि टेली-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर लगेच बोलून घ्यावं. बालविवाह ठरत असल्याचं कळलं तर १०९८ हा क्रमांक आहे.

अशी भेट कामी येते याचे पुरावे आहेत. पाकिस्तानात रावळपिंडीजवळच्या खेड्यांत डॉ. आतिफ रहमान यांनी गावातल्या आरोग्यसेविकांना मनाचा आधार कसा द्यायचा ते शिकवलं. गरोदरपणापासून घरी जाऊन बोलणं, एक-एक छोटं काम ठरवणं, घरच्यांना सोबत घेणं, एवढंच. बाळ सहा महिन्यांचं झालं तेव्हा या गटात २३ टक्के माता नैराश्यात होत्या. नुसत्या नेहमीच्या भेटी मिळालेल्या गटात ५३ टक्के. गोव्यात हीच पद्धत गावातल्या सामान्य बायकांनी ‘सखी’ म्हणून राबवली. आपल्या मराठवाड्यात पैठण तालुक्यातल्या पाचोडच्या आरोग्य व्यवस्थापन संस्थेने विवाहित किशोरींच्या घरी दर महिन्याला कार्यकर्ती पाठवून पहिलं बाळंतपण लांबवण्याचं आणि वेळेत तपासणी करून घेण्याचं काम वर्षानुवर्षं केलं. शेजारच्या जामखेडमध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून शाळा न शिकलेल्या बायकांकडून अख्ख्या गावांचं आरोग्य सांभाळून घेतलं. बीडला हे शिकायला लांब जावं लागत नाही.

२०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा विषय गाजला. तपासणीत ८२ हजार ३०९ बायकांपैकी १३ हजार ८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. तेव्हा महाराष्ट्र हादरला. पण या वाटेची सुरुवात बरीच आधी होते. सोळाव्या वर्षी लग्न, सतराव्या वर्षी अर्धपोटी बाळंतपण, पंचविशीच्या आत दोन-तीन मुलं, अंगावर काढलेली दुखणी, आणि मग ‘पिशवी काढून टाका, कटकट जाईल’ हा सल्ला. त्या वाटेवर तिला थांबवून विचारण्याच्या जागा अनेक आहेत. हंगामाला निघण्याआधीची तपासणी ही त्यांतली पहिली. सिरसाळा आणि आसपासच्या गावांत यंदा ट्रॅक्टर लागण्याआधी प्रत्येक गरोदर मुलीला, तिचं वय काहीही सांगितलेलं असो, हे चार प्रश्न एकांतात विचारले गेले, आणि तिचं कार्ड व आहाराची नोंद ती जाईल त्या गावापर्यंत पोचली, तर त्यासाठी नवी इमारत लागत नाही, नवा कायदाही लागत नाही. आशाताई, अंगणवाडीताई आणि आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनी दसऱ्याच्या आत एकदा एकत्र बसून यादी करायची, एवढंच लागतं.